रोबो वाचवायला येतात ती कार्टून्स, आणि "आपल्याकडे केम नाही आले?"

अनघा_अकोटा
नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. घरातला एक प्रश्न मला एकटीला सुटत नाहीये.

माझा मुलगा साडेपाच वर्षांचा. आम्ही बडोद्याला अकोट्यात राहतो, विश्वामित्री नदीपासून चालत सात-आठ मिनिटांवर. गेलं वर्षभर त्याला एकच वेड आहे, ट्रान्सफॉर्मर्सच्या घराण्यातली 'रेस्क्यू बॉट्स' ही मालिका. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: ग्रिफिन रॉक नावाच्या बेटावर चार रोबो असतात. हीटवेव्ह हा आगीचा बंब, चेस पोलिसांची गाडी, बोल्डर बुलडोझर आणि ब्लेड्स हेलिकॉप्टर. आलेत परग्रहावरून, पण गावाला वाटतं की ही साधी यंत्रं आहेत. ऑप्टिमस प्राइमने, म्हणजे त्यांच्या म्होरक्याने, त्यांना सांगितलेलं असतं की इथेच राहा आणि माणसांकडून शिका. बर्न्स नावाच्या कुटुंबाबरोबर ते काम करतात. वडील पोलीसप्रमुख, तिघं मोठी मुलं बचावकार्यात, आणि धाकटा कोडी.

मला ही मालिका मनापासून आवडते. मुलांच्या बहुतेक कार्टूनमध्ये कोणी ना कोणी कोणाला तरी धोपटत असतं. इथे श्वास रोखला जातो तो पूल खचतोय, कोणी तरी वर अडकलंय, आता काय करायचं, यावर. ब्लेड्स तर हेलिकॉप्टर असून उंचीला घाबरतो, आणि घाबरत घाबरतच उडतो. माझा मुलगा पोहायला शिकताना मोठ्याने म्हणत होता, "ब्लेड्स पण घाबरतो."

आता प्रश्न. ऑगस्ट २०२४ च्या पुरात आमच्या इमारतीचा तळमजला पूर्ण पाण्यात होता. आम्ही पहिल्या मजल्यावर. तीन रात्री वीज नाही, मदतीचा नंबर लागत नाही, फोनची बॅटरी जपून जपून वापरायची. हा तेव्हा साडेचार वर्षांचा. खिडकीच्या गजांना गाल लावून तासन्‌तास बसायचा. गालावर गजांचे उभे वळ उठायचे. तिसऱ्या दिवशी एक बोट आमच्या खिडकीखालून गेली आणि मागच्या सोसायटीत वळली. आम्ही हाका मारल्या, त्यांनी हात केला, थांबले नाहीत. मग संध्याकाळी पाणी उतरायला लागलं.

त्याने तेव्हा काहीच विचारलं नाही. परवा वळवाचा पाऊस आला, लाइट गेली, आणि अंधारात एकदम म्हणाला, "आई, तेव्हा रेस्क्यू बॉट्स आपल्याकडे केम नाही आले?" (केम म्हणजे का. त्याच्या मराठीत गुजराती शब्द येतात.)

मला काही सुचलं नाही. काय सांगू? खरे रोबो नसतात असं? की मालिकाच बंद करू?

पोळीभाजी
अनघा, वाचून पोटात गलबललं. आम्ही करेलीबागेत होतो त्या वेळी, दुसऱ्या मजल्यावर.

आमच्याकडे रेस्क्यू बॉट्स नाहीत, रोबोकार पोली आहे. कोरियातली मालिका, २०११ साली तिकडच्या ईबीएस वाहिनीवर सुरू झाली. ब्रूम्स टाऊन नावाचं गाव, पोली पोलीसगाडी, रॉय बंब, अंबर रुग्णवाहिका, हेली हेलिकॉप्टर. जिन नावाची मुलगी त्या सगळ्यांची देखभाल करते, म्हणून माझी लेक तिच्यावर जास्त खूश. पहिल्यांदा ती "मला पोली बघायचीय" म्हणाली तेव्हा सासूबाईंनी ताट मांडलं. "पोळी बघायची नसते गं, खायची असते." आता जेवायला बसली की स्वतःच म्हणते, आधी खायची पोळी, मग बघायची पोली.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर नाहीये माझ्याकडे. वाचतेय.

रोखठोक_नीता
मी स्पष्ट लिहिते, राग मानू नकोस. बंद कर.

मालिका वाईट आहे असं नाही म्हणत मी. पण पोलीचा भाग दहा-अकरा मिनिटांचा, रेस्क्यू बॉट्सचा वीस-बावीस मिनिटांचा. तेवढ्यात संकट येतं, हाक जाते, गाडी दारात, माणूस सुखरूप, सगळे हसतात. आपण पुरात काय केलं? वाट पाहिली. पुरात पहिली लागते ती वाट बघण्याची ताकद, आणि ती या मालिकांत कुठेच नाही. मुलाच्या डोक्यात बसतं की हाक मारली म्हणजे कोणी तरी येणारच. नाही आलं की त्याला वाटतं, आपलंच काही चुकलं. अनघाच्या मुलाने वर्षभर हा प्रश्न पोटात ठेवला, यातच सगळं आलं.

सूरसागर_७१
नीताताई, तुमचा मुद्दा खरा आहे, पण बंद करण्याशी मी सहमत नाही. मी आजोबा आहे, रावपुऱ्यात जन्म गेला, त्यामुळे जरा लांबण लावतो.

२०१९ चा पूर आठवतो? ३१ जुलैला एका दिवसात जवळजवळ वीस इंच पाऊस पडला. त्या पुरात आपल्याच बडोद्यात एक पोलीस अधिकारी दीड महिन्याचं बाळ प्लास्टिकच्या टबात घालून, तो टब डोक्यावर धरून, गळ्याइतक्या पाण्यातून चालत गेले. तो फोटो देशभर फिरला. माझ्या नातवाने तो पेपरातून कापून कपाटाच्या दारावर चिकटवला. त्याला गोकुळाष्टमीची गोष्ट माहीत होती. म्हणाला, "आजोबा, वसुदेवाने पण असंच नेलं ना?" मी म्हटलं, हो रे, अगदी असंच.

मुलाला रोबो काय, वसुदेव काय, एकच कळतं: कोणी तरी पाण्यात उतरतं. ते त्याच्यापासून काढून घेऊ नका. हातात काहीच राहणार नाही मग.

नटबोल्ट
धाग्याचं नाव बघून आत आलो. मकरपुऱ्यात कारखान्यात काम करतो, यंत्रांशीच रोजचा संबंध.

अनघाताई, "खरे रोबो नसतात" हे मात्र कृपा करून सांगू नका. ते खोटं आहे. असतात. फक्त कार्टूनसारखे बोलत नाहीत.

एप्रिल २०१९ मध्ये पॅरिसच्या नोत्र दामला आग लागली. आत जळकं छप्पर कोसळत होतं, अग्निशमन दलाच्या माणसांना तिथे थांबणं जिवावरचं होतं. तेव्हा त्यांनी 'कोलोसस' नावाचा रोबो आत पाठवला. रणगाड्यासारखे पट्टे, वर पाण्याची तोफ, मागे पाण्याचा जाड पाइप ओढत नेतो. पण तो आपणहून काही करत नाही. बाहेर एक जवान हातात रिमोट घेऊन उभा असतो.

आपल्याकडे केरळातल्या तरुण इंजिनिअरांनी 'बँडिकूट' केला, २०१८ पासून वापरात आहे. गटारात माणूस उतरवायला लागू नये म्हणून. विषारी वायूने गुदमरून माणसं मरतात तिथे हा यांत्रिक हात खाली जातो. माझ्या मते याच्याइतका मोठा बचाव दुसरा नाही, कारण इथे माणूस अडकायच्या आधीच वाचतो.

आणि जिथे रोबो कमी पडला तेही सांगतो. जून २०२२, छत्तीसगडचा जांजगीर-चांपा जिल्हा. एक मुलगा बोअरवेलमध्ये पडला. आपल्या गुजरातमधून रोबो नेला होता, पण त्याने काम झालं नाही. शेवटी शेजारी मोठा खड्डा खणून, खालून आडवा बोगदा काढून, शंभराहून जास्त तासांनी माणसांनीच त्याला जिवंत बाहेर काढलं.

सिल्क्यारा तर सगळ्यांना आठवत असेल. नोव्हेंबर २०२३, उत्तराखंड, ४१ मजूर १७ दिवस बोगद्यात. आडवं भोक पाडणाऱ्या ऑगर मशीनचं पातं लोखंडात अडकून तुटलं. मग रॅट मायनर म्हणतात ते मजूर ८०० मिलिमीटरच्या पाइपात शिरले आणि शेवटचे काही मीटर हाताने खणले.

रोखठोक_नीता
नटबोल्ट, माहिती छान, पण साडेपाच वर्षांच्या पोराला सिल्क्यारा सांगायचं?

नटबोल्ट
सांगायचं. मी सांगितलंय, सहा वर्षांच्या भाचीला. पलंगावरच्या सगळ्या उशा रचून डोंगर केला, आत तिच्या बाहुल्या. स्वयंपाकघरातून नळकांड्यासारखा शेवयांचा डबा आणला, तळ नसलेला. आधी बारका पाइप, त्यातून खाणं पाठवायचं. खरोखरही सहा इंची पाइपातून बाटल्यांत भरून खिचडी गेली होती आत. ते ऐकल्यावर तिने खरी खिचडी मागितली. चमच्याने बाहुल्यांना पाठवली, अर्धी पलंगावर सांडली, ताईची बोलणी मी खाल्ली. मग म्हणाली, "मामा, सतरा दिवस म्हणजे किती?" मी म्हटलं, दोन रविवार जाऊन वर तीन दिवस. ती बराच वेळ गप्प बसली आणि विचारलं, "आतले लोक काय करत होते?" म्हटलं, चालायचे, योग करायचे, घरच्यांशी बोलायचे.

नीताताई, तुम्ही म्हणता ती वाट बघायची ताकद या गोष्टीत आहे. ती मुलांना सांगता येते.

रोखठोक_नीता
खिचडीवर मी हरले. हे मी माझ्याकडे करून बघणार. बाकीचं मत अजून तेच आहे.

माईंची_सून
अवांतर लिहू का? आमच्या सासूबाई, माई, नातवाबरोबर रेस्क्यू बॉट्स बघतात. मालिका हिंदीत असली काय, इंग्रजीत असली काय, माई आपलं मराठीतच सांगत असतात. त्यांनी चौघांची बारशी केलीत. बोल्डर म्हणजे धोंडा, म्हणून तो धोंडोपंत. चेस कायद्याशिवाय बोलत नाही, तो फौजदार. हीटवेव्ह सारखा तापलेला, तो जमदग्नी. ब्लेड्स भित्रा पण गोड, तो चिमणराव. धोंडोपंताला चित्रं काढायला आवडतात, फुलं आवडतात, हे कळल्यावर माई म्हणाल्या, "एवढा दांडगा देह आणि मन बघ कसं, आपल्या अण्णांसारखं." अण्णा म्हणजे माझे सासरे, तीन वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून धोंडोपंत पडद्यावर आला की माई चष्मा पुसतात.

नातू शाळेत इंग्रजी, खाली खेळताना गुजराती. मराठी उरलीय ती माईंच्या या धोंडोपंतांमुळे. म्हणून आमच्याकडे ही मालिका बंद व्हायची नाही.

सूरसागर_७१
धोंडोपंत! वा, माईंना नमस्कार सांगा.

पोळीभाजी
बंब या शब्दावरून आमच्याकडे झालेला घोळ. आईकडे मागच्या अंगणात अजून तांब्याचा बंब आहे, दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला तोच पेटवतात. मी लेकीला म्हटलं, "चल, आज तुला बंब दाखवते." ती रॉयची खेळणी घेऊन निघाली, शिडीबिडी असलेली लाल गाडी बघायला. आणि समोर हा धूर सोडणारा तांब्याचा पिंप. तिने चारी बाजूंनी फिरून पाहिलं. "याची चाकं कुठेत?" मग माझ्या आईने शांतपणे समजावलं की हा बंब आग पोटात ठेवतो आणि तो बंब आग विझवतो. तिला पटलं. आता ती दोघांना भाऊ मानते.

सूरसागर_७१
आमच्या लहानपणी रस्त्यावर घंटा वाजली की सगळी पोरं ओरडायची, "लायबंबो आयो, लायबंबो!" गुजरातीत तोच शब्द. आणि इथल्या गुजराती पेपरात अग्निशमनच्या जवानांना अजून 'लाश्करो' म्हणतात, म्हणजे लष्करातले. मला हा शब्द फार आवडतो.

मगरमित्र
उशिरा आलो. मी वनखात्याबरोबर स्वयंसेवक म्हणून मगरी पकडायला जातो, पंधराएक वर्षं झाली. बडोद्याबाहेरच्या वाचकांना सांगतो, विश्वामित्री शहराच्या मधून वाहते आणि तिच्यात शेकडो मगरी आहेत. पूर आला की त्या पाण्याबरोबर सोसायट्यांत येतात. ऑगस्ट २०२४ मध्ये तर अकोट्यात एक चक्क घराच्या छपरावर चढून बसलेली लोकांनी पाहिली. त्या तीन दिवसांत दोन डझनांच्या आसपास मगरी वस्तीतून पकडल्या. पाणी उतरल्यावर दोघं जण स्कूटरवरून, मागच्याच्या मांडीवर मगर आडवी ठेवून वनखात्याकडे चाललेत, तो व्हिडिओही तुम्ही पाहिला असेल.

माझ्या मुलीला वाटायचं की बाबा मगरीपासून लोकांना वाचवतात. मी तिला समोर बसवून सांगितलं, दोघांना वाचवतो. मगर पण रस्ता चुकलेलीच असते. आधी लांबून ओली गोणी तिच्या डोळ्यांवर टाकायची. दिसेनासं झालं की ती पुष्कळ शांत होते. मग जबडा बांधायचा. मगरीचा जबडा मिटताना प्रचंड ताकद असते, पण उघडायचे स्नायू अगदी दुबळे. एकदा दोरीने नीट बांधला की उघडता येत नाही. हे मुलीला कळलं त्या दिवसापासून ती कपड्याच्या चिमट्यावर प्रयोग करते, उघडू नये म्हणून रबरबँडचे किती वेढे लागतात ते मोजते.

अनघाताई, बोटीबद्दल एक सांगतो. तुमच्या खिडकीखालून बोट न थांबता गेली, ते तुम्हाला आणि मुलाला किती लागलं असेल ते कळतं. मी अशा बोटीत बसलेलो आहे. गल्लीत पाण्याखाली स्कूटर असतात, कुंपणाची तार असते, मोटर लावली की पंख्यात काही तरी अडकतं. म्हणून मोटर वर उचलून काठीने ढकलत जावं लागतं. बोटीत जागा सहा-आठ जणांची. हातात चिठ्ठी असते, या घरात गरोदर बाई, त्या घरात ऑक्सिजनवरचे आजोबा. दोन्ही बाजूंनी हाका येतात आणि वर बघवत नाही. हात केला असेल तर मुद्दाम केला असेल, की आम्ही तुम्हाला पाहिलंय.

अनघा_अकोटा
मगरमित्र, हे वाचून मी रडले. वर्षभर माझ्या मनात त्या बोटीबद्दल कडवटपणा होता, कोणाला बोलले नव्हते.

दूर_पुण्यात
मी माहेरची बडोद्याची, सध्या पुण्यात. त्या तीन दिवसांत आई-बाबांचे फोन बंद होते. बाहेर बसून वाट बघणाऱ्यांचंही एक असतं. बाकी धागा वाचून घरी आल्यासारखं वाटलं. माईंचे धोंडोपंत फार आवडले.

काळजी_कशाला
एवढं काय त्यात, कार्टून आहे, मुलं विसरतात.

पोळीभाजी
विसरतात असं आपल्याला वाटतं. वर लिहिलंय ना, वर्षभर विसरला नव्हता.

शुभदा_बालवाडी
मी बालवाडी चालवते. पुरानंतर दोन महिने आमच्या वर्गातली मुलं एकच खेळ खेळत होती. सतरंजी म्हणजे पाणी, बाक म्हणजे घर. एक जण बोट. आणि गंमत बघा, प्रत्येकाला बोट व्हायचं असायचं. बाकावर बसून वाचायला कोणीच तयार नव्हतं. शेवटी बाहुल्यांना बसवलं.

त्यातून मला जे दिसलं ते लिहिते. पाण्याने मुलांना भीती दिलीच, पण त्याहून जास्त बोचत होतं ते हे, की घरात सगळे काही ना काही करत होते आणि आपल्याला कोणी काही करायला दिलं नाही. "तू गप्प बस, तू खिडकीतून हट." अनघा, तुझा मुलगा गजांना गाल लावून बसला होता ना? त्याला तेवढंच काम उरलं होतं.

आता ज्या मालिकेबद्दल आपण बोलतोय तिच्यात कोडी काय करतो ते आठव. तो उचलत नाही, उडत नाही. घरातल्या सगळ्यांना बचावातलं पद आहे, त्याला नाही, सुरुवातीला त्याचं दुःखच ते असतं. मग तो रोबोंचा मित्र होतो, त्यांना माणसांच्या रीती समजावतो, केंद्रावर बसून कोण कुठे आहे याचा निरोप पोचवतो. मला वाटतं मुलं रोबोंसाठी बघतात असं आपण समजतो, पण नजर कोडीवर असते. कारण त्या घरात धाकट्यालाही काम आहे.

म्हणून माझं म्हणणं: मालिका चालू ठेव आणि त्याला काम दे. पावसाळ्याच्या आधी, खरंखुरं काम. खोटं खोटं दिलेलं मुलांना लगेच कळतं.

रोखठोक_नीता
शुभदाताई, हे मात्र शंभर टक्के पटलं. काय काम द्यायचं तेही लिहा ना.

शुभदा_बालवाडी
टॉर्चचे सेल बघणं. पाण्याच्या बाटल्या मोजणं. आपला पत्ता आणि आईचा नंबर तोंडपाठ. १०१, १०८, ११२ यांतला कोणता कशाला. आणि शेजारी कोण राहतं, कोणाला काय लागतं, हे माहीत असणं. मुलांना सगळ्यांची दारं उघडी असतात, आपल्याला नसतात.

सूरसागर_७१
आणखी एक भर. मुलाला नदीचं सांगा. विश्वामित्री पावागडच्या डोंगरातून येते. तिकडे पाऊस झाला, सयाजीरावांच्या काळातला आपला आजवा तलाव भरला, की पाणी शहरात यायला तास लागतात. म्हणून इथे ऊन पडलेलं असतं आणि नदी चढत असते. २०२४ ला तेच झालं, धोक्याची खूण २५ फुटांची आणि पाणी गेलं ३५ च्या वर. मी नातवाला दर पावसाळ्यात काळा घोड्याच्या पुलावर नेतो, पाण्याची पट्टी बघायला. त्याला आकडा वाचता येतो याचा त्याला भारी अभिमान आहे.

अनघा_अकोटा
मंडळी, आठ दिवसांनी येतेय. उत्तरं वाचत होते, एकेक करून बघत होते.

आधी दांडिया बाजारच्या फायर स्टेशनला फोन केला, मुलाला घेऊन आलं तर चालेल का विचारलं. रविवारी सकाळी या म्हणाले. त्याने हीटवेव्ह खिशात घेतला होता. एका काकांनी त्याला बंबाजवळ नेलं, पितळी नोझल हातात दिलं. दोन्ही हातांनी धरूनही ते त्याच्या पोटापर्यंत खाली आलं. "आ तो बहु भारी छे," म्हणाला. काका म्हणाले, पाणी सुरू झालं की अजून भारी होतं, मागे ढकलतं, म्हणून दोघं धरतात. हे त्याला फार आवडलं, की मोठ्या माणसालाही दुसरा लागतो.

मग त्याने त्यांनाच विचारलं. मी अडवलं नाही. "तमे अमारा घरे केम ना आव्या?"

काका गुडघ्यावर बसले. कुठे राहतोस, विचारलं. त्याने पत्ता सांगितला, इमारतीच्या नावासकट. ते म्हणाले की त्या भागात ते स्वतः बोटीवर होते. मागच्या सोसायटीत एका आजींना डायलिसिसला न्यायचं होतं. मग म्हणाले, "तारा घरे मम्मी-पप्पा हता ने?" हा म्हणाला, हता. काका म्हणाले, "ए बा एकला हता." त्या आजी एकट्या होत्या.

आमच्या खिडकीखालून गेलेली बोट तीच होती का, मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. मुलाने मान हलवली आणि हीटवेव्ह त्यांना दाखवायला काढला. काकांनी त्याची शिडी वर-खाली करून बघितली आणि म्हणाले, अमारी मोटी छे.

घरी येताना रिक्षात बराच वेळ गप्प होता. जेलरोडवर म्हणाला, "आई, आपल्या बिल्डिंगमध्ये एकटं कोण आहे?"

मग शुभदाताईंचं काम आपोआप ठरलं. गेले चार दिवस शाळेतून आला की वही घेऊन दारोदार फिरतो, मी एक पायरी मागे. चार मजले, सोळा घरं. लिहिता सगळं येत नाही, म्हणून चित्रं काढतो. तिसऱ्या मजल्यावरच्या पटेलबांच्या पुढे काठी. ज्यांना इन्शुलिन लागतं त्यांच्यापुढे सुई आणि फ्रिज, कारण वीज गेली की ते गार कुठे ठेवायचं हा प्रश्न. तळमजल्यावरच्या काकांकडे दोन मांजरं, ती पण काढलीत, शेपटीसकट. चौथ्या मजल्यावरच्या एका घरात आम्ही सहा वर्षांत कधी गेलो नव्हतो. तिथल्या बाईंना ऐकू कमी येतं, त्यांना हाक मारून उपयोग नाही, टॉर्च दाखवावा लागेल, हे आम्हाला पहिल्यांदा कळलं. त्याने एक मोठा कान काढून त्यावर फुली मारलीय.

मालिका चालू आहे, रोज एक भाग, नीताताई.

रोखठोक_नीता
चालू दे गं. कान आणि फुली वाचून मी वहीच शोधायला उठले. आमच्या इमारतीत बावीस घरं आहेत.

मगरमित्र
ही वही बोटीवरच्या माणसाच्या हातात पडली तर काय होईल ते मी सांगू शकतो. अर्धा तास वाचेल. एक प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरच्या मजल्यावर ठेवा, तळमजल्याच्या सूचनाफलकावर नको. पाण्यात पहिला तोच जातो.

माईंची_सून
अनघाताई, तुमच्या स्वतःच्या घरापुढे त्याने काय काढलंय? माई विचारतायत.

अनघा_अकोटा
आत्ता जाऊन बघितलं. आई, बाबा, तो. त्याच्या हातात टॉर्च, आणि टॉर्चमधून निघालेल्या पिवळ्या रेघा वर चौथ्या मजल्यापर्यंत गेल्यात.